सोसायटीतल्या ईव्ही आणि गच्चीवरचं सोलर: ट्रान्सफॉर्मरवरचा भार खरोखर कमी करायचा असेल तर

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री साडेदहाला आमच्या ए विंगमधल्या निम्म्या फ्लॅटची लाईट गेली. बी आणि सी विंगमध्ये एसी चालू, आमच्या जिन्यात काळोख. लाईनमन आले, कंपाउंडमधल्या ट्रान्सफॉर्मरशेजारचा डिस्ट्रिब्युशन बॉक्स उघडून बॅटरीचा उजेड मारला तर एका फेजचा (वीज तीन वेगळ्या तारांतून येते, त्यातल्या एकीचा) फ्यूज जळून काळा पडलेला, तांब्याचा थेंब खाली ओघळलेला. नवीन तार बांधता बांधता ते म्हणाले, तुमच्या गाड्या एकाच फेजवर लागल्यात का बघा. मी म्हणालो, अहो दोनच महिन्यांपूर्वी गच्चीवर तीस किलोवॅटचं सोलर बसवलंय. ते म्हणाले, साहेब, आत्ता ऊन आहे का?

त्या एका प्रश्नामुळे हा लेख लिहितोय. आम्ही ७२ फ्लॅटची पुण्यातली सोसायटी, कॉमन मीटरचं (लिफ्ट, पंप अशा सामायिक वापराच्या मीटरचं) बिल जवळजवळ संपलं होतं आणि आम्हाला वाटत होतं की ईव्हीचा प्रश्न सुटला. पण बिल शून्य झालं म्हणजे लोड शून्य झाला असं होत नाही. नेट मीटर (बाहेर दिलेली आणि आत घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) हिशोब महिन्याचा करतो, ट्रान्सफॉर्मर त्या क्षणाचा करंट सोसतो. दुपारी बारा वाजता तुमचं सोलर वीज बाहेर ढकलत असतं आणि रात्री दहाला सगळ्या गाड्या ती परत ओढत असतात, कागदावर जमाखर्च जुळतो पण रात्रीच्या त्या दोन तासांत ट्रान्सफॉर्मरला सोलरचा काडीचाही आधार नसतो. म्हणून सोलर लावणं हे निम्मं काम, गाडी उन्हात चार्ज करायला लावणं हे उरलेलं निम्मं, आणि अवघड हेच आहे.

तुमच्या सोसायटीत हे करायचं असेल तर आम्ही ज्या क्रमाने करायला हवं होतं तो क्रम सांगतो. आम्ही पॅनलपासून सुरुवात केली, तुम्ही तसं करू नका.

आधी मोजा, मग कोटेशन मागवा

ट्रान्सफॉर्मरवर पाटी असते, तिच्यावर केव्हीए म्हणजे त्याची क्षमता लिहिलेली असते, १००, २००, ३१५ असे. आमचा २०० केव्हीएचा आहे आणि फक्त आमच्या तीन विंगना वीज देतो. २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भरला की लो टेन्शन बाजूला, म्हणजे आपल्याकडे वीज येते त्या बाजूला, प्रत्येक फेजला साधारण २६७ ॲम्पिअर जातात. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. ट्रान्सफॉर्मर किंवा वीज कंपनीचा बॉक्स स्वतः उघडायचा नाही, तिथे हात घालायचा अधिकार त्यांचाच आणि जीवही जाऊ शकतो. तुमच्या मीटर रूममध्ये मेन पॅनल असतं तिथे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) घेऊन बोलवा आणि तिन्ही फेज वेगवेगळे मोजून घ्या, सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सात आणि रात्री दहा, असं आठवडाभर, त्यात एक शनिवार-रविवार आलाच पाहिजे.

आमच्याकडे फ्यूज उडाल्यानंतरच्या आठवड्यात रात्री सव्वादहाचं रीडिंग असं आलं (आर, वाय, बी ही तीन फेजची नावं): आर फेज २५१ ॲम्पिअर, वाय १८८, बी १७२. तिघांची सरासरी काढली तर ट्रान्सफॉर्मर ७६ टक्केच भरलेला, म्हणजे वरवर बघितलं तर काळजीचं काही नाही. पण आर फेज एकटा ९४ टक्क्यांवर. कारण शोधलं तर काय, पहिल्या तीन ईव्हीवाल्यांनी आपापल्या इलेक्ट्रिशियनकडून आपापली केबल ओढून घेतली होती आणि तिघांनाही पॅनलमध्ये जवळचा म्हणून आर फेजच मिळाला होता. ७.२ किलोवॅटचा सिंगल फेज चार्जर ३१ ॲम्पिअर घेतो. तीन चार्जर म्हणजे ९३ ॲम्पिअर एकाच फेजवर.

यातला एक चार्जर वायवर आणि एक बीवर टाकला, तेवढ्यानेच आकडे १८९, २१९, २०३ असे झाले. खर्च एका दिवसाची मजुरी आणि थोडी केबल. सोलरचा एक पॅनल न लावता सगळ्यात मोठा धोका इथेच टळला असता, म्हणून म्हणतो की आधी मोजा.

रात्रीच्या लोडची एवढी काळजी का, तर ट्रान्सफॉर्मर जुन्या काळापासून रात्री थंड व्हायचा. दिवसभर तापलेलं तेल आणि वाइंडिंग (आतली गुंडाळलेली तार) रात्री बारानंतर निवायचं. आता एसी आणि चार्जर दोन्ही रात्रीचेच, त्यामुळे ती विश्रांतीच गेली. वाइंडिंगवरच्या कागदी इन्सुलेशनबाबत एक जुना ठोकताळा आहे की ठरलेल्या तापमानाच्या वर दर सहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. फ्यूज उडतो ते दिसतं तरी, हे आतलं झिजणं कुणाला दिसत नाही.

गाड्या खरंच किती वीज खातात

इथे बहुतेक कमिट्या घाबरतात. आमच्याकडे ११ ईव्ही कार आणि २६ इलेक्ट्रिक स्कूटर. ११ गाड्या गुणिले ७.२ म्हणजे ७९ किलोवॅट, झालं, नवीन ट्रान्सफॉर्मर लागणार अशी मीटिंगमध्ये बोंब. पण गाडी रोज रिकामी होऊन येत नाही. पुण्यात कार दिवसाला ३५-४० किलोमीटर फिरते आणि एका युनिटला सहा-सात किलोमीटर देते, म्हणजे रोजचे सहा युनिट. स्कूटर २५-३० किलोमीटर फिरली तर एक युनिट पुरतं. ६६ आणि २६ मिळून ९२, चार्जिंगमध्ये वाया जाणारे दहा-बारा टक्के धरले की रोजचे १०३ युनिट.

रात्री अकरा ते पहाटे पाच या सहा तासांत १०३ युनिट भरायचे तर सरासरी १७ किलोवॅट पुरतात. ७९ कुठे आणि १७ कुठे! वीज कमी पडत नाहीये, सगळे एकदम ओढतात हा त्रास आहे. ऑफिसमधून आल्या आल्या प्लग लावायचा आणि वर जायचं, त्याच वेळी घरात एसी, गिझर, मिक्सर. तुमच्या सोसायटीत हा हिशोब करताना प्रत्येकाला महिन्याचे किलोमीटर विचारा, बॅटरी केवढी आहे ते विचारू नका, त्याने आकडा उगाच फुगतो.

रात्रीचं चार्जिंग आवरणं

यासाठी सगळे चार्जर एका वेगळ्या ईव्ही पॅनलवर घ्या. जो तो आपापली केबल ओढतोय हे थांबवलं नाही तर पुढचं काहीच जमणार नाही. मेन इनकमरवर (जिथून सोसायटीत वीज आत येते तिथे) सीटी म्हणजे करंट मोजणारे सेन्सर बसवायचे, त्यांना जोडलेला एक कंट्रोलर, आणि चार्जर असे घ्यायचे की बाहेरून सांगितलं की करंट कमी-जास्त करतील. घेताना विक्रेत्याला ओसीपीपी (चार्जर आणि कंट्रोलरने एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) आहे का हे विचारा आणि नुसतं हो म्हणाला तर त्यावर थांबू नका, दोन चार्जर लावून दाखवायला सांगा. याला डायनॅमिक लोड मॅनेजमेंट म्हणतात. बिल्डिंगचा लोड वाढला की चार्जर आपोआप हळू होतात, कमी झाला की जोर धरतात. एका गाडीला कमीत कमी ६ ॲम्पिअर द्यावे लागतात, म्हणजे १.४ किलोवॅट, त्याखाली गाडी चार्ज होत नाही. त्यामुळे ११ गाड्या एकदम लागल्या तरी सगळ्यांना थोडं थोडं देऊन १५-१६ किलोवॅटमध्ये भागतं आणि सकाळी सहापर्यंत प्रत्येकीला पाच-सहा तास मिळतात.

स्कूटरचे साधे १५ ॲम्पिअरचे सॉकेट असे हळू-जोरात करता येत नाहीत, तिथे टायमर आणि कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा मोठा स्विच) लावला. एक चूक आम्ही केली ती टाळा: सगळ्या टायमरना रात्री अकराची वेळ दिली, तर अकरा वाजून एक मिनिटाला सव्वीस स्कूटर एकदम चालू. आता तीन गट आहेत, अकरा, साडेबारा आणि दोन वाजताचा.

आता सोलर, आणि किती

पुण्यात एक किलोवॅट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतं. १०३ युनिटना साधारण २६ किलोवॅट, लिफ्ट आणि पंपासाठी थोडं वर, म्हणून ३०. वर्षाची सरासरी असं मुद्दाम म्हणतोय कारण जुलै-ऑगस्टमध्ये हेच सोलर निम्म्यावर येतं, आणि मे महिन्यात लोकांना वाटतं तेवढं मिळत नाही. पॅनलची वॅट २५ अंशांना मोजलेली असते, गच्चीवर मेमध्ये पॅनलच ६० अंशांच्या वर तापतो आणि दहा-बारा टक्के तिथेच जातात. आमचे सगळ्यात चांगले महिने फेब्रुवारी आणि मार्च.

जागा किलोवॅटला ८० ते १०० चौरस फूट धरा, धुवायला चालायची वाट सोडून. दक्षिणेकडे तोंड, उतार १५ ते २० अंश. पाण्याच्या टाकीची आणि लिफ्ट रूमची सावली डिसेंबरमध्ये सगळ्यात लांब पडते, त्यामुळे जागा एप्रिलमध्ये बघून ठरवू नका. आणि स्ट्रक्चरचे पाय वॉटरप्रूफिंग फोडून स्लॅबमध्ये ड्रिल करणार असतील तर नाही म्हणा, काँक्रीटचे ब्लॉक ठेवून त्यावर स्ट्रक्चर उभं राहतं, फक्त वाऱ्याचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या लोकांचा विरोध गळतीच्या भीतीमुळे असतो आणि ती भीती रास्त आहे, त्यांना आधी विश्वासात घ्या.

पैशाचं सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत हाउसिंग सोसायटीला कॉमन सुविधांसाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे आणि त्यात ईव्ही चार्जिंग स्पष्टपणे धरलंय, मर्यादा घरटी ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट. ३० किलोवॅटला ५ लाख ४० हजार. आमच्याकडे कोटेशन किलोवॅटला ४५ ते ५८ हजारांच्या दरम्यान आली होती. अनुदान हवं तर पॅनल भारतीय सेलचे म्हणजे डीसीआर लागतात, कोटेशनमध्ये तो शब्द आहे का बघा, कारण स्वस्त कोटेशन बऱ्याचदा डीसीआर नसल्यामुळेच स्वस्त असतं.

मीटर कुठला, यावर सगळा खेळ

सोलर कॉमन मीटरला जोडलं आणि गाड्या मात्र आपापल्या फ्लॅटच्या मीटरवर, तर दुपारी वीज प्रत्यक्षात त्याच गाडीत जाईल, वायरिंगला मालक कळत नाही, पण बिलात त्या गाडीवाल्याला पूर्ण घरगुती दर लागेल, आणि त्याच्या वरच्या स्लॅबमध्ये लागेल. मग तो दुपारी चार्ज कशाला करेल? म्हणून ईव्ही पॅनल कॉमन मीटरखाली घ्या, प्रत्येक चार्जरला सबमीटर किंवा ॲपचं रीडिंग, आणि मेंटेनन्सच्या बिलात वसुली. अर्ज करण्यापूर्वी वीज कंपनीच्या सब-डिव्हिजनमध्ये जाऊन कॉमन मीटरचा मंजूर भार वाढवावा लागेल का आणि चार्जिंगला कुठला दर लागेल हे लेखी विचारून घ्या. ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मागायचा हक्क २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीने मिळालाय, काही सोसायट्यांना तेही सोयीचं पडेल, पण मग सोलर त्या कनेक्शनला जोडायचं की कॉमन मीटरला हे आधी ठरवा.

स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून महावितरणकडे सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. ज्यांच्या गच्चीवर जागाच नाही त्यांनीही हे लक्षात घ्या, दुपारी चार्ज केलं तर तुमच्या गाडीत जाणाऱ्या विजेत राज्यातल्या सोलरचाही वाटा असतो.

गाडी उन्हात आणायची

हा भाग मी मन लावून लिहितोय कारण यंत्रं सगळी मिळतात, माणसांच्या सवयी बदलणं इथे अडतं.

आम्ही वॉचमनला एक वही दिली आणि दोन आठवडे रोज दुपारी बारा वाजता पार्किंगमधल्या ईव्ही लिहायला सांगितल्या. ११ पैकी ४ गाड्या बहुतेक दुपारी पार्किंगमध्येच होत्या, दोन निवृत्त जोडपी, एक घरून काम करणारी ताई, आणि एक घरातली दुसरी गाडी. स्कूटर ९. आम्हाला वाटत होतं दुपारी पार्किंग रिकामं असतं, तसं नव्हतं. या लोकांना फक्त कुणी विचारलं नव्हतं.

उरलेल्या ७ पैकी ६ गाड्या ऑफिसला जातात. पण रोजचे सहाच युनिट लागतात ना, मग आठवड्याचे झाले चाळीस-बेचाळीस. चाळीसच्या आसपास युनिटची बॅटरी असेल तर शनिवार किंवा रविवारी सकाळी नऊ ते तीन गाडी लावून ठेवली की जवळजवळ आठवडा निघतो, गुरुवारी-शुक्रवारी वाटलं तर रात्री तासभर. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीच्या गाड्यांना तर आठवड्यातून एकदा १०० टक्के करा असं बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात. आमचं सोलर दिवसाला १२० युनिट देतं, म्हणजे शनिवारी तीन गाड्या, रविवारी तीन. घरी असणाऱ्या चार गाड्या सोमवार ते शुक्रवार, रोज एकीची पाळी. सातवी गाडी टुरिस्टवाली आहे, ती रात्रीच लागणार, तिला रात्री पूर्ण जोराने करंट मिळतो कारण बाकीच्या नाहीत.

पाळीचा तक्ता लिफ्टमध्ये लावला, पण तक्त्याने काम झालं नाही, दराने झालं. सोसायटीचा आतला दर दिवसा नऊ ते चार ७ रुपये आणि संध्याकाळी सहा ते अकरा १४ रुपये ठेवला, अकरानंतर १०. संध्याकाळी कुणाला बंदी नाही, दवाखान्यात जायचंय, गावाला निघायचंय, तर चौदा रुपये देऊन लावा, कुणाला परवानगी मागायची गरज नाही. आधी आम्ही बंदी घातली होती आणि त्यावरून भांडणं झाली, एका काकूंना खरंच तातडीने निघायचं होतं आणि चार्जर लॉक होता. ते मला आजही लागतं. बंदी घालू नका, दर ठेवा.

हाच विचार आपल्याकडे शेतीत आधी झालाय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, तिची दुसरी आवृत्ती २०२३ ची, त्यात कृषी फीडरलाच (शेतीपंपांना वीज देणाऱ्या लाइनलाच) सोलर जोडून पंप दिवसा चालवायचे. रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली आणि रात्रीचा भारही हलका होतो. पंप काय, गाडी काय, दोन्ही लोड ऊन असताना सरकवता येतात. एसी सरकवता येत नाही. जे सरकतं ते सरकवायचं, म्हणजे जे सरकत नाही त्याला रात्री जागा उरते.

बॅटरी घ्यावी का

आम्ही नाही घेतली. दुपारचं सोलर मोठ्या बॅटरीत साठवून रात्री गाडीच्या बॅटरीत ओतायचं म्हणजे दहा-बारा टक्के वाटेत जातात आणि खर्च सोलरच्या वर चढतो. गाडीतच चाळीस युनिटची बॅटरी आहे, ती दुपारी भरली की झालं. जिथे ट्रान्सफॉर्मर बदलायला जागाच नाही आणि सगळ्या गाड्या टॅक्सीच्या आहेत, तिथे हिशोब वेगळा निघेल.

एक गैरसमज मात्र दूर करतो: ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, सोलर लाईट गेली की बंद पडतं, लख्ख ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. लाईट गेल्यावर सोलरवर लिफ्ट चालेल असं कुणी विक्रेता सांगत असेल तर त्याला बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर कोटेशनमध्ये दाखव म्हणावं.

यात काटकसर नको

प्रत्येक चार्जरला स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की तोडणारा स्विच) आणि ३० मिलिॲम्पिअरचा निदान टाइप ए आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायच्या आत वीज तोडणारा स्विच). दोन चार्जरना एक आरसीसीबी चालत नाही. ३२ ॲम्पिअरला तांब्याची निदान ६ स्क्वेअर एमएमची केबल, अंतर लांब असेल तर १०. ईव्हीची अर्थिंग वेगळी करून घ्या आणि पावसाळ्याआधी दरवर्षी मोजा. स्कूटरसाठी घरातून खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडणाऱ्यांना प्रेमाने पण ठामपणे थांबवा, तासन् तास करंट त्या बारीक वायरमधून आणि सैल प्लगमधून गेला की प्लग वितळतो, मी स्वतः पिवळा पडून चिकटलेला प्लग हाताने काढलाय.

पॅनल पंधरा दिवसांनी धुवा, सूर्य वर यायच्या आत, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि ते नुसत्या पुसण्याने जात नाहीत. आमच्याकडे बांधकाम चालू असलेल्या शेजारच्या प्लॉटची धूळ इतकी की मार्चमध्ये दहा दिवसांनी धुवावं लागलं, धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी ॲपवर युनिट वाढलेले दिसतात, तो आकडा सफाई करणाऱ्या दादांनाही दाखवा, त्यांनाही बरं वाटतं.

पावसाळ्यात तक्ता बदलावा लागतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे शनिवारी-रविवारी तीनऐवजी दोनच गाड्यांची पाळी असते, बाकीच्या रात्री अकरानंतर, आणि एसी बंद असल्यामुळे त्या दिवसांत रात्री ट्रान्सफॉर्मरला जागाही असते. पहिल्या तारखेला रात्री दहाला तिन्ही फेजचं रीडिंग घेऊन मीटर रूममधल्या वहीत लिहायचं हे काम आम्ही इलेक्ट्रिशियनच्या मासिक करारातच टाकलंय. कुठल्याही फेजचा आकडा २१५ च्या वर गेला, म्हणजे आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या ८० टक्क्यांवर, तर पुढचा नवीन चार्जर कुठल्या फेजवर टाकायचा हे कमिटी त्याच आठवड्यात ठरवते. तुमचा ट्रान्सफॉर्मर वेगळ्या केव्हीएचा असेल तर केव्हीए गुणिले १.३३ करा, पूर्ण लोडचे ॲम्पिअर निघतील, त्याचे ८० टक्के काढा आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा.